पदकामागचा कागद

(पुरात आणि किनाऱ्यावर बचावकार्य केलेल्या तरुणांच्या सत्कारप्रसंगी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी वक्ता नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे आणि माझं बहुतेक बोलणं स्क्रीनशी चालतं. संयोजकांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "मला पोहताही धड येत नाही, मी या मुलांसमोर काय बोलू?" ते म्हणाले, "तुम्ही इंग्लंडमधल्या त्या लाइफबोटवाल्यांच्या पदकांबद्दल एकदा सांगितलं होतं, तेच सांगा." म्हणून तेच सांगतो. त्याआधी माझ्या मामूंची गोष्ट सांगावी लागेल, कारण पदकांकडे माझं लक्ष त्यांच्यामुळे गेलं.

माझे मामू तांडेल होते. आमचं आजोळ खाडीच्या तोंडावरचं गाव. ज्यांनी असं गाव पाहिलं आहे त्यांना माहीत आहे, की खोल समुद्रापेक्षा खाडीचं तोंड जास्त वाईट. ओहोटीचं पाणी बाहेर येतं, वारा समोरून असतो, खाली वाळूचा पट्टा असतो आणि लाट तिथेच फुटते. एका ऑगस्टमध्ये, पावसाळी बंदी उठून काही दिवसच झाले होते, तेव्हा एक होडी तिथे उलटली. चार माणसं होडीला धरून होती. मामू आपली होडी घेऊन गेले आणि चौघांना जिवंत घेऊन आले.

आठवड्याने सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि एक सन्मानचिन्ह, त्यावर मामूंचं नाव चुकीचं छापलेलं. भाषणांत 'धाडस' हा शब्द किती वेळा आला ते मी मोजलं नाही, पण मामू घरी येऊन हसत म्हणाले, "मला तर भीती वाटत होती." त्या फेरीत त्यांच्या पंख्यात जाळं अडकून इंजिनाचा गिअर गेला होता. दुरुस्तीला चाळीस हजारांच्या वर खर्च आला. भरपाईसाठी त्यांनी एका कार्यालयात अर्ज दिला. तो अर्ज तिथेच राहिला. मोसमाचा पहिला महिना, जो कमाईचा असतो, मामूंची होडी किनाऱ्यावर होती.

या सगळ्यात एक प्रश्न त्यांना कुणीच विचारला नाही. मीही विचारला नाही. "तुम्ही हे केलं कसं?"

दोन वर्षांनी त्याच जागी दुसरी होडी उलटली. मामू तेव्हा रुग्णालयात होते. गावातली तीन मुलं, मामूंचा सत्कार पाहिलेली, होडी घेऊन थेट त्या लाटांत घुसली. त्यांची होडी आडवी झाली. दोघं पोहून आले. तिसरा आला नाही. मामू बरे होऊन घरी आले, त्यांना हे सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सरळ जायचं नसतं. मी सांगायला हवं होतं."

पुढे कंपनीच्या कामानिमित्त मी दोन वर्षं इंग्लंडमध्ये होतो. एका सुटीत नॉरफोक किनाऱ्यावरच्या क्रोमर या गावी गेलो. खेकडे पकडणाऱ्यांचं छोटं गाव. तिथल्या लाइफबोट ठाण्यात भिंतीवर लाकडी फळे आहेत. त्यावर ओळीने तारीख, जहाजाचं नाव आणि वाचवलेल्या माणसांची संख्या. बाकी काही नाही. मी त्या फळ्यांसमोर उभा राहिलो आणि मला मामू आठवले. आपल्याकडे अशा फळ्याची एक ओळसुद्धा नव्हती.

ही लाइफबोट ठाणी ज्या संस्थेची आहेत तिचं नाव रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन. नाव राजेशाही असलं तरी ती सरकारी नाही. लोकांच्या देणग्यांवर चालते आणि नावेवर जाणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. कुणी मच्छीमार, कुणी शिक्षक, कुणी नळदुरुस्ती करणारा. सूचना आली की हातातलं काम टाकून धावतात. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर त्यांची दोनशेहून अधिक ठाणी आहेत.

4 मार्च 1824 रोजी लंडनमध्ये ती स्थापन झाली. त्याच्या आदल्या वर्षी सर विल्यम हिलरी या गृहस्थाने एक आवाहन छापलं होतं. ते आयल ऑफ मॅन बेटावर राहायचे आणि डोळ्यांसमोर जहाजं फुटताना पाहत होते. त्यांच्या आवाहनातल्या तीन गोष्टी आज आपल्या कामाच्या आहेत. एक, माणूस कोणत्याही देशाचा असो, युद्ध असो वा शांतता, त्याला वाचवायचं. दोन, जे जीव धोक्यात घालून वाचवतात त्यांना पदक किंवा बक्षीस द्यायचं. आणि तीन, वाचवताना जो मरेल त्याच्या बायकामुलांची सोय करायची. लक्षात घ्या, पदक आणि घरची सोय या दोन्ही गोष्टी एकाच आवाहनात आल्या. एक द्यायचं आणि दुसरं विसरायचं, असा विचार तिथे नव्हता. हिलरी नुसते सांगून थांबले नाहीत. 1830 मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर असताना, ते स्वतः नावेत बसून गेले, पाण्यात फेकले गेले, बरगड्या मोडल्या, आणि सेंट जॉर्ज नावाच्या जहाजावरच्या सगळ्यांना वाचवून परतले.

पदकं 1824 पासूनच सुरू झाली. सुरुवातीला सुवर्ण आणि रौप्य. पदकाच्या एका बाजूला राजाचा चेहरा. दुसऱ्या बाजूला नावेत तीन माणसं, त्यातला एक जण पाण्यातल्या दमलेल्या माणसाला वर ओढतो आहे. कडेने बायबलमधल्या एका स्तोत्रातले शब्द, खोल पाण्याने मला गिळू नये अशा अर्थाचे. 1937 मध्ये राजाचा चेहरा गेला आणि हिलरींचा आला. नावेतली माणसं मात्र पहिल्यापासूनची.

तिसरं पदक, कांस्यपदक, 1917 मध्ये आलं, आणि त्याचा संबंध याच क्रोमर गावाशी आहे. 9 जानेवारी 1917. पहिलं महायुद्ध चालू. गावातले तरुण आघाडीवर, त्यामुळे लाइफबोटवर उरले ते बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे. नाव वल्ह्यांची. त्या दिवशी वादळात एका ग्रीक जहाजावरची माणसं त्यांनी सोडवून आणली. दमून किनाऱ्याला लागतात तोच फर्नेबो नावाच्या स्वीडिश जहाजावर स्फोट झाला आणि त्याचे दोन तुकडे झाले. हीच माणसं पुन्हा निघाली. लाटांनी परत फेकली. वल्ही मोडली. पुन्हा निघाली. शेवटी त्या तुकड्यावरची अकरा माणसं त्यांनी आणली.

त्यांचा कॉक्सवेन, म्हणजे आपल्या भाषेत तांडेल, हेन्री ब्लॉग. त्याला सुवर्णपदक मिळालं. पण प्रश्न आला खलाशांचा. तांडेल कितीही हुशार असला तरी वल्ही एकटा मारत नाही. त्याच वर्षी कांस्यपदक सुरू झालं आणि पहिली कांस्यपदकं क्रोमरच्या खलाशांना मिळाली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे सत्कार एकाचा होतो. फोटोत जो पुढे उभा असतो त्याचा. दोर धरणारा, इंजिन सांभाळणारा, किनाऱ्यावरून बॅटरी दाखवणारा, यांची नावं कुणालाच माहीत नसतात.

ब्लॉगबद्दल आणखी एक सांगतो. तो खेकडे पकडायचा आणि उन्हाळ्यात किनाऱ्यावर खुर्च्या भाड्याने द्यायचा. 53 वर्षं लाइफबोटवर होता. 1947 मध्ये निवृत्त झाला. त्या काळात त्याच्या ठाण्याने 873 माणसं वाचवली. त्याला तीन सुवर्ण आणि चार रौप्यपदकं मिळाली, तरी आपल्या कामगिरीबद्दल तो बोलायचाच नाही. आता गंमत बघा. माणूस बोलायचा नाही, तरी आज शंभर वर्षांनी मी या सभागृहात तुम्हाला सांगू शकतो की त्या दिवशी वल्ही मोडली होती. माझे मामूही बोलायचे नाहीत. त्यांच्याबद्दल आपल्याकडे काय आहे? चुकीच्या नावाचं एक सन्मानचिन्ह.

फरक कुठे पडला? कागदात पडला. त्या संस्थेत पदकाच्या आधी अहवाल असतो. वारा किती, कुठल्या दिशेचा, भरती की ओहोटी, उजेड किती, नाव कुठून आत नेली, किती वेळा प्रयत्न केला, कोणत्या प्रयत्नात काय चुकलं, दोर कुणी टाकला. मग हे सगळं तपासून ठरतं की सुवर्ण, रौप्य की कांस्य, की चर्मपत्रावर लिहिलेले आभार, की नुसतं आभारपत्र. धाडस मोजतातच, पण त्याच्या शेजारी कौशल्य मोजतात. पाणी कसं वाचलं, नाव कशी धरली, आपल्या माणसांना किती धोक्यात घातलं आणि किती नाही.

माझ्या क्षेत्रातली तुलना करतो. रात्री सर्व्हर बंद पडला आणि कुणी तो चालू केला, तर सकाळी आम्ही टाळ्या वाजवून थांबत नाही. त्याला बसवून लिहायला लावतो: किती वाजता काय दिसलं, तू आधी काय केलंस, त्याने काय झालं, मग काय केलंस. दोष कुणाचा हे त्यात शोधायचं नसतं. पुढच्या वेळी तो रजेवर असला तरी दुसऱ्याला जमावं, यासाठी ते लिहायचं. सर्व्हरसाठी आम्ही एवढं करतो. माणसाच्या जिवासाठी करत नाही.

कौशल्याकडे न बघता नुसत्या कहाणीवर भुललं की काय होतं, त्याचंही उदाहरण तिथलंच आहे. 1838 च्या सप्टेंबरात फोरफरशायर नावाचं जहाज फार्न बेटांच्या खडकावर फुटलं. दीपगृहाचा रखवालदार विल्यम डार्लिंग आणि त्याची 22 वर्षांची मुलगी ग्रेस वल्ह्यांची होडी घेऊन गेले. बाप खडकावर उतरला. तेवढा वेळ ग्रेसने एकटीने दोन वल्ह्यांवर ती होडी खडकांपासून लांब धरून ठेवली. पाण्यात काम करणाऱ्यांनो, तुम्हाला कळेल हे काय आहे. होडी आपटली असती तर कुणीच परतलं नसतं. दोघांना रौप्यपदक मिळालं. मग वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं. चित्रकार दीपगृहावर येऊ लागले, लोक पत्रं लिहून तिच्या केसांची बट मागू लागले. चार वर्षांत, 26 व्या वर्षी, क्षयाने ती गेली. तिने होडी कशी धरली याबद्दल विचारणारे थोडे, तिचे केस मागणारे खूप.

त्यानंतर लाइफबोटवरच्या महिला खलाशाला पहिलं कांस्यपदक मिळायला 2005 साल उजाडलं. वेल्समधल्या पोर्थकॉलच्या एलीन जोन्स. आदल्या वर्षी एका मासेमारी नौकेच्या सुटकेत त्या सुकाणूवर होत्या. या वेळी पदक सुकाणूबद्दल होतं. आज इथे सत्कार होणाऱ्या बारा जणांत दोन मुली आहेत. त्यांच्याबद्दल बातमीत काय छापलं होतं ते आठवा: 'मुलींनीही दाखवलं धाडस.' त्या दोघींनी ट्यूबला दोर कसा बांधला होता हे मला कुठल्याच बातमीत सापडलं नाही.

आणि याच ओघात एक अवघड गोष्ट बोलतो. पुराच्या वेळी आपल्या सगळ्यांच्या फोनवर फिरलेला मजकूर होता, की मुस्लिम तरुणांनी हिंदू कुटुंबाला वाचवलं. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला होता. मलाही वाचून बरं वाटलं होतं. पण यातल्याच एका मुलाने मला सांगितलं, "भाई, मी सात वर्षं नदीत पोहतोय. कुठे भोवरा होतो ते मला ठाऊक आहे, म्हणून ते लोक वाचले. ते कुणी लिहिलं नाही. माझं नाव बघून काय ते लिहिलं." मला त्याचं म्हणणं पटलं. डॉक्टरने शस्त्रक्रिया केली तर आपण त्याचा हात बघतो. या मुलालाही तोच मान हवा आहे. वाचवणाऱ्याचा धर्म विचारला की पुढची पायरी वाचणाऱ्याचा धर्म विचारण्याची असते.

त्या संस्थेवरही असा प्रसंग आला. 2021 च्या जुलैमध्ये, इंग्लिश खाडीत रबरी होड्यांतून येणाऱ्या स्थलांतरितांना वाचवल्याबद्दल तिच्यावर जाहीर टीका झाली. संस्थेने उत्तर दिलं, की पाण्यात जो संकटात आहे त्याला आम्ही वाचवणार, तो कोण आहे आणि कुठून आला हे बघणार नाही. त्यानंतर देणग्या कमी होण्याऐवजी वाढल्या. हिलरींनी 1823 मध्ये लिहिलेलं वाक्य दोनशे वर्षांनी कामाला आलं. ते लिहिलेलं होतं म्हणून आलं.

कौशल्य असलं तरी समुद्र प्रत्येक वेळी परत पाठवतो असं नाही. 19 डिसेंबर 1981 च्या रात्री कॉर्नवॉलच्या माउझहोल गावातून सॉलोमन ब्राउन ही लाइफबोट युनियन स्टार या जहाजाकडे गेली. जहाजावर आठ जण, लाइफबोटवर आठ जण. निघताना कॉक्सवेन ट्रेव्हेलियन रिचर्ड्स यांनी एका तरुणाला परत पाठवलं, कारण त्याचे वडील नावेत होते आणि एका घरातून एकच, असं त्यांचं म्हणणं. लाइफबोटवरून रेडिओवर निरोप आला, की चार जणांना आम्ही घेतलं आहे. त्यानंतर काही ऐकू आलं नाही. सोळाही जण गेले. रिचर्ड्स यांना मरणोत्तर सुवर्णपदक आणि सातही खलाशांना कांस्यपदक देण्यात आलं. एका दिवसात गावातून नव्या नावेसाठी पुरेसे स्वयंसेवक पुढे आले. ज्याला परत पाठवलं होतं तो पुढे स्वतः कॉक्सवेन झाला. माणसाला परत पाठवणं हेही कौशल्यच आहे, हे मी त्या घटनेतून शिकलो. आमच्या गावच्या त्या तीन मुलांना परत पाठवणारा त्या दिवशी किनाऱ्यावर कुणी नव्हता.

आता मामूंकडे येतो. इंग्लंडहून परतल्यावर मी त्यांच्याकडे गेलो आणि शेवटी तो प्रश्न विचारला. त्यांनी चहाचे कप आणि सुतळी घेऊन मला दाखवलं. लाट फुटते त्याच्या बाहेर थांबायचं. तिथे नांगर टाकायचा. तोंड लाटेकडे ठेवायचं आणि नांगराचा दोर थोडा थोडा सोडत मागे मागे सरकायचं. उलटलेल्या होडीजवळ जायचं नाही. रिकाम्या कॅनला दोर बांधून तो सोडायचा, पाणीच तो त्यांच्याकडे नेतं. माणूस दोर धरतो, त्याला ओढून घ्यायचं. मग त्याच नांगराच्या दोरावर स्वतःला ओढत बाहेर यायचं. लाटेला पाठ कधी द्यायची नाही. मी थक्क झालो, कारण लाइफबोटच्या जुन्या वृत्तांतांत नांगर टाकून दोर सोडत फुटक्या जहाजाजवळ जाण्याची हीच पद्धत पुन्हा पुन्हा येते. मामूंनी इंग्रजीचा एक शब्द वाचलेला नव्हता. त्यांना ते त्यांच्या वडिलांनी दाखवलं होतं. मी ते दोन पानांत लिहून काढलं, आकृती काढली. पुढच्या वर्षी मामू गेले. ती दोन पानं आता गावच्या मच्छीमार सोसायटीत भिंतीवर लावलेली आहेत.

आपल्या देशात पदकं नाहीत असं नाही. 1961 पासून जीवन रक्षा पदकं आहेत: सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, उत्तम जीवन रक्षा पदक आणि जीवन रक्षा पदक. बुडणाऱ्याला वाचवणं त्यात स्पष्टपणे येतं. समुद्रावर मदत करणाऱ्या मच्छीमारांना तटरक्षक दलाच्या पुढाकाराने शोध आणि बचावाचे पुरस्कारही दिले जातात. पण कुणीतरी शिफारस लिहावी लागते. शिफारशीत काय लिहायचं? 'अतुलनीय धाडस दाखवले' एवढंच लिहून भागत नाही. पाणी किती होतं, वेळ कोणती, कुणी काय केलं, हे लागतं. म्हणजे फिरून कागदावरच येतो.

म्हणून माझी विनंती तीन गोष्टींची आहे. पहिली, या बारा जणांना आज शाल जरूर द्या, पण येत्या रविवारी त्यांना पुन्हा बोलवा, चहा द्या आणि प्रत्येकाला विचारा, "हे केलंस कसं?" मी लॅपटॉप घेऊन येतो, लिहून घ्यायची जबाबदारी माझी. जे चुकलं तेही लिहू, कुणाला दोष न देता. दुसरी, त्या कागदाच्या आधारे जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत रीतसर शिफारस पाठवू, आणि तीत दोर धरणाऱ्याचंही नाव असेल. तिसरी, एक छोटा निधी करू. बचावात ज्याची होडी, इंजिन, फोन, मोटरसायकल गेली त्याला पंधरा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. ज्याचा मोसम एकदा बुडाला, तो दुसऱ्यांदा होडी काढताना विचार करेल, आणि त्याने विचार केला तर आपण त्याला दोष देऊ शकत नाही.

मुलांनो, तुम्ही माणसं आणलीत. आता ती कशी आणलीत हे आम्हाला सांगा. आमच्या गावच्या त्या तिसऱ्या मुलाला हे कुणी सांगितलं असतं, तर आज तो तुमच्या वयाचा असता. रविवारी सकाळी दहा वाजता, याच सभागृहात. मी वाट बघतो.